पगारातले दोनशे आणि बहिणीचे पंधराशे

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातलं कोंढा हे धानाच्या मुलखातलं गाव. इथल्या दोन-तीन एकरांच्या एखाद्या घरात वर्षभरात सरकारकडून काय काय येतं हे मोजायला बसलं, तर रकमेच्या आधी नावांकडे लक्ष जातं. धानावर मिळतो तो बोनस. सरकारी कागदावर त्याला 'प्रोत्साहनपर राशी' म्हणतात. केंद्राचे वर्षाला 6,000 आणि राज्याचे 6,000 रुपये येतात ते 'सन्मान निधी' म्हणून. घरच्या बाईच्या खात्यात महिन्याला 1,500 जमा होतात ते 'लाडकी बहीण' म्हणून. रोजगार हमीच्या मस्टरवर नाव लागलं तर मिळते ती मजुरी, आणि रेशनचं धान्य 2023 पासून मोफत. घर एक, पण नावं पाच, आणि प्रत्येक नावाबरोबर बाहेरच्यांचं मत ठरलेलं. शेतकऱ्याच्या सन्मानाला उघडपणे नावं ठेवायला कोणी धजत नाही. बाईच्या पंधराशेंना 'रेवडी' म्हणायला मात्र कोणाला काही वाटत नाही. याच घरातून साबण, तेल, मोबाइलचं रिचार्ज, दुचाकीचं पेट्रोल आणि फवारणीचं औषध घेताना जो कर सरकारकडे जातो, त्याला तर नावच नाही. महाराष्ट्रात कर आणि कल्याणकारी योजना यांवर होणाऱ्या वादाची मुख्य अडचण मला इथे दिसते. घेण्याचा हिशेब एका पानावर लिहिला जातो, देण्याचा दुसऱ्या, आणि दोन्ही पानं शेजारी ठेवून कोणी वाचत नाही. ती शेजारी ठेवण्याची पद्धत या राज्यात एकदा होती, कायद्याने होती. ती सुटल्यापासून आपला वाद जास्त कर्कश झाला आणि कमी खरा उरला.

मराठी विचारपरंपरेला ही दोन पानं एकत्र वाचण्याची जुनी सवय आहे. जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिलं तेव्हा त्यांनी शिक्षणासाठी नुसती जास्त रक्कम मागितली नाही. सरकारचा महसूल मुख्यतः कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर होतो, हा त्यांचा मुद्दा होता. शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड घेतला जाई आणि त्याच शेतकऱ्याच्या गावात शाळा नसे. हा देण्याघेण्याचा संबंध ते दाखवत होते. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1902 मध्ये कलकत्त्याच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर पहिलं भाषण केलं, तेव्हा सरकार शिलकीचा अभिमान मिरवत होतं. ही शिलक समृद्धीची खूण नसून गरिबाकडून गरजेपेक्षा जास्त कर उकळल्याची खूण आहे, अशी मांडणी गोखल्यांनी केली. पुढच्याच वर्षी मिठावरचा कर उतरला आणि प्राप्तिकराची सूट-मर्यादा 500 वरून 1,000 रुपयांवर गेली. डॉ. आंबेडकरांनी 1927 मध्ये मुंबई विधिमंडळात विचारलेला प्रश्न तर आजही जसाच्या तसा लागू पडतो. प्राप्तिकर भरणाऱ्याला त्या वर्षी उत्पन्न झालं नाही तर कर लागत नाही, मग पीक बुडालेल्या शेतकऱ्याला सारा का भरावा लागतो? याच आंबेडकरांनी 1954 मध्ये भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि हरले. सार्वजनिक वित्तावर त्यांच्याइतका सखोल अभ्यास असलेला उमेदवार या जिल्ह्याला पुन्हा मिळालेला नाही.

तिघांचे काळ वेगळे, सामाजिक जागा वेगळ्या, राजकारण तर पुष्कळच वेगळं. पण कोणाकडून येतं आणि कोणाकडे जातं हे तिघांनीही एकाच दमात मांडलं. या सवयीला कायद्याचं रूप मिळालं ते 1970 च्या दशकात. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात करून पाहिलेली कल्पना 1972 च्या दुष्काळात राज्यभर पोचली. मागेल त्याला काम, न दिल्यास भत्ता. रोजगार हमीचा कायदा 1977 मध्ये झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अंमलात आला. या कायद्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण त्याच्या आधी, 1975 मध्ये, आलेल्या व्यवसाय कराबद्दल फार कमी. शहरातल्या पगारदारांवर, व्यापाऱ्यांवर, वकील-डॉक्टरांवर बसवलेला हा कर रोजगार हमीसाठी होता. त्याच्या जोडीला मोटार वाहनांवर जादा कर, विक्रीकरावर अधिभार, ओलिताच्या जमिनीवर विशेष आकारणी अशा आणखी काही बाबी आल्या. या करांतून जेवढं जमेल तेवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची, असं रोजगार हमी निधीचं गणित होतं.

या रचनेचं महत्त्व पैशाच्या रकमेपेक्षा तिच्या मांडणीत आहे. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून कापलेला रुपया कुठे जाणार हे कायदा सांगत होता, आणि गावात माती वाहणाऱ्या बाईची मजुरी कुठून येणार हेही तोच सांगत होता. देणारा दाता नव्हता आणि घेणारी याचक नव्हती. दुष्काळात गावं ओस पडून माणसं मुंबईच्या फुटपाथवर येऊ नयेत यात शहराचाही स्वार्थ होता, आणि तो लपवलेला नव्हता. बांध, पाझर तलाव, रस्ते अशी कामं उभी राहावीत ही अटही होती. कामं निकृष्ट झाली, मस्टरवर खोटी नावं लागली, ठेकेदार शिरले. ही टीका तेव्हाही झाली आणि बरीचशी खरी होती. पण ती टीका एका हक्काच्या अंमलबजावणीवर होती. हा पैसा कशाला द्यायचा, असा प्रश्न विधिमंडळात नव्हता, कारण तो कायदा करतानाच सुटलेला होता.

हे कसं विस्कटलं तेही पाहायला हवं. पहिली गोष्ट अशी की कर जमत राहिला आणि खर्च मागे पडला. कामाची मागणी नोंदवूनच घ्यायची नाही, ही युक्ती प्रशासनाला सापडली आणि निधीत हजारो कोटी रुपये कागदावर साचले. दुसरी गोष्ट केंद्राचा 2005 चा रोजगार हमी कायदा. तो महाराष्ट्राच्याच अनुभवावर उभा होता. 2006 मध्ये पहिल्या टप्प्यात निवडलेल्या राज्यातल्या बारा जिल्ह्यांत भंडारा होता. शंभर दिवसांपर्यंतच्या मजुरीचा खर्च दिल्लीने उचलला. राज्याने शंभर दिवसांपुढची हमी आपल्याकडे ठेवली, पण मूळ भार हलका झाला. व्यवसाय कर मात्र चालू राहिला. आज महिन्याला 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300, असे वर्षाचे 2,500 रुपये पगारातून जातात, आणि ते कशासाठी जातात हे विचारलं तर बहुतेक नोकरदारांना सांगता येत नाही.

या 2,500 च्या आकड्यापाशी थोडं थांबायला हवं. राज्यघटनेच्या 276 व्या अनुच्छेदाने व्यवसाय कराला कमाल मर्यादा घातली आहे. ती 250 रुपये होती. 1988 च्या घटनादुरुस्तीने 2,500 झाली आणि तेव्हापासून हललेली नाही. एवढ्या वर्षांत पगार, भाव, मजुरी सगळं कित्येक पटींनी वाढलं. महिन्याला अकरा हजार मिळवणारा दुकानातला नोकर आणि कोट्यवधी मिळवणारा कंपनीचा संचालक दोघांचा व्यवसाय कर सारखाच. ही केवढी मोठी सवलत आहे, आणि ती कोणाच्या पदरात पडते! पण तिला कोणी रेवडी म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही, कारण ती कोणाच्या खात्यात जमा होत नाही. न कापलेला पैसा दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या पैशावर चर्चेचा कार्यक्रम होत नाही.

शब्दांचा हाच भेद देशाच्या पातळीवर आणखी ठळक होतो. 20 सप्टेंबर 2019 रोजी कंपनी कराचा मूळ दर 30 वरून 22 टक्क्यांवर आणला गेला, नव्या कारखान्यांसाठी 15 टक्क्यांवर. सरकारनेच तेव्हा सांगितलं की यात वर्षाला 1 लाख 45 हजार कोटींचा महसूल सोडावा लागेल. बातम्यांतला शब्द होता 'चालना'. फेब्रुवारी 2025 मध्ये बारा लाखांपर्यंतचं उत्पन्न नव्या पद्धतीत करमुक्त झालं आणि सरकारच्याच अंदाजाने सुमारे एक लाख कोटी रुपये सुटले. इथला शब्द होता 'दिलासा'. या दोहोंच्या मध्ये, जुलै 2022 मध्ये बुंदेलखंड द्रुतगती मार्गाच्या उद्घाटनात पंतप्रधानांनी 'रेवडी संस्कृती'वर टीका केली आणि तो शब्द घरोघर पोचला. पण सर्वांत बोलका बदल एका परिशिष्टात झाला. करसवलतींमुळे किती पैसा बुडतो याचा तक्ता केंद्राच्या अर्थसंकल्पासोबत दर वर्षी येतो. त्याचं नाव पूर्वी 'सोडून दिलेला महसूल' या अर्थाचं होतं. 2015 च्या सुमारास ते 'कर-प्रोत्साहनांचा महसुली परिणाम' असं झालं. तक्ता तोच, पण 'सोडून दिला' म्हटलं की कोणी सोडला, कोणासाठी सोडला, असे प्रश्न निघतात. 'परिणाम' म्हटलं की हे जणू पावसासारखं आपोआप घडतं.

यावर गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. करसवलत आणि अनुदान एकच कसं? सवलतीत माणसाला त्याचाच कमावलेला पैसा राहतो, अनुदानात दुसऱ्याचा मिळतो. नैतिक पातळीवर या म्हणण्यात वजन आहे. स्वतः कमावलेल्या पैशावरचा माणसाचा हक्क मला मान्य आहे. पण तिजोरीच्या दृष्टीने शंभर रुपये न घेणं आणि शंभर रुपये देणं यांत फरक नाही. खड्डा तेवढाच पडतो आणि तो भरायला दुसऱ्या कोणाकडून तरी घ्यावं लागतं. शिवाय 'आपला कमावलेला' हा निकष लावायचाच, तर तो धान पिकवणाऱ्यालाही लागला पाहिजे. शरद जोशींनी शेतकरी संघटनेच्या काळात 'उणे सबसिडी'चा हिशेब मांडला तो हाच. निर्यातबंदी, साठ्यांवरची बंधनं, भाव पाडण्यासाठी केलेली आयात यांतून शेतकऱ्याकडून जो पैसा काढला जातो, तो करच आहे, फक्त पावती मिळत नाही. म्हणूनच 'कर्जमाफी' या शब्दाला शेतकरी चळवळीने हरकत घेतली. माफी गुन्हेगाराला असते, आम्हाला मुक्ती हवी, असं त्यांचं म्हणणं होतं. शब्द बदलला की ऋणको आणि धनको यांची जागा बदलते, हे त्या चळवळीला नेमकं कळलं होतं.

भंडाऱ्यासाठी याचा ताजा दाखला फार दूरचा नाही. केंद्राने 20 जुलै 2023 रोजी बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. ती सप्टेंबर 2024 अखेर उठली. शहरातल्या ग्राहकाला तांदूळ महाग पडू नये म्हणून ही बंदी होती, आणि तो हेतू वाईट म्हणता येणार नाही. पण किंमत धानाच्या मुलखाने मोजली. आधारभूत केंद्रावर माप न झालेला, व्यापाऱ्याला विकावा लागलेला जो धान होता, त्याचा भाव जागतिक बाजारापासून तोडला गेला. त्याच काळात राज्य सरकारने दोन हेक्टरांच्या मर्यादेत हेक्टरी 20,000 रुपयांचा बोनस जाहीर केला. बोनसची बातमी झाली, फलक लागले. बंदीने किती घेतलं याचा फलक लागत नाही. बोनसही कधी क्विंटलमागे 700, कधी हेक्टरी 15,000, कधी 20,000, असा नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या मर्जीवर राहिला. रोवणीच्या वेळी शेतकऱ्याला त्याचा भरवसा धरता येत नाही. जो पैसा हक्काने येत नाही, त्यासाठी आभार मानावे लागतात, आणि आभार मानणाऱ्याला हिशेब मागता येत नाही.

लाडकी बहीण योजनेकडे मी याच दृष्टीने पाहतो. 28 जून 2024 च्या अतिरिक्त अर्थसंकल्पात ती जाहीर झाली. 21 ते 65 वयाच्या, अडीच लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या बायकांना महिन्याला 1,500 रुपये. वर्षाचा अपेक्षित खर्च 46,000 कोटी. रक्षाबंधनाच्या तोंडावर पहिले दोन हप्ते एकत्र जमा झाले. विरोधकांनी आधी पैसा कुठून आणणार असं विचारलं आणि नंतर स्वतःच्या जाहीरनाम्यात 3,000 रुपये लिहिले; सत्ताधाऱ्यांनी 2,100 चं आश्वासन दिलं. दिल्लीत रेवडीवर टीका करणारा पक्ष इथे योजना राबवत होता. यातून पुढाऱ्यांचा दुटप्पीपणा सिद्ध करणं सोपं आहे, पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते दोन्ही बाजूंनी बाईला बसवलेली जागा. एका बाजूला ती ओवाळणी घेणारी बहीण, दुसऱ्या बाजूला फुकट खाणारी. रोवणीला दिवसभर चिखलात वाकून उभी राहणारी, साबणावर आणि रिचार्जवर कर भरणारी नागरिक ती दोन्हीकडे नाही. भावाने ओवाळणी दिली की किती दिली हे विचारायचं नसतं. निवडणुकीनंतर पडताळणी सुरू झाली, 2025 मध्ये सुमारे 26 लाख नावं संशयात आली, पंधराशेंचे एकवीसशे झाले नाहीत. यावर दाद मागण्यासाठी रोजगार हमीसारखा कायदा तिच्या हाती नाही.

'करदात्यांचा पैसा उधळला' हे वाक्य या चर्चेत वारंवार येतं, तेव्हा करदाता म्हणजे प्राप्तिकर भरणारा असं गृहीत असतं. प्राप्तिकरदाते थोडे आहेत आणि केंद्राच्या तिजोरीत त्यांचा भार मोठा आहे, हे खरंच आहे. पगारदाराच्या हाती पडण्याआधी कर कापला जातो आणि त्याचा त्रागा समजण्यासारखा आहे. पण ही योजना राज्याच्या तिजोरीतून चालते, आणि राज्याच्या स्वतःच्या कर-उत्पन्नात सर्वांत मोठा वाटा जीएसटीचा, मग मुद्रांक शुल्क, इंधनावरचा कर, दारूवरचं शुल्क यांचा. प्राप्तिकर केंद्र गोळा करतं. वाटपाच्या रकमेतला सहा टक्क्यांच्या आसपास हिस्सा महाराष्ट्राकडे परत येतो, अशी तक्रार महाराष्ट्रच करत असतो. म्हणजे कोंढ्याच्या बाईला मिळणाऱ्या पंधराशेंत तिच्या गावच्या किराणा दुकानातून, पेट्रोल पंपावरून गेलेला पैसा आहे. तिने हे पंधराशे खर्च केले की त्यातलाही काही भाग पुन्हा तिजोरीत जातो. 22 सप्टेंबर 2025 रोजी साबणावरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला तेव्हा त्याला 'बचत उत्सव' म्हटलं गेलं. 2017 पासून ती 18 टक्के भरत होती, हे त्या उत्सवात कोणाच्या ध्यानात आलं नाही.

धानपट्ट्यातून येणारी तक्रार वेगळी आहे: पैसे मिळाल्याने रोवणीला मजूर मिळत नाहीत. ही तक्रार रोजगार हमीच्या सुरुवातीपासून ऐकू येते, आणि ती करणारा शेतकरी स्वतः दोन एकरांचा असतो, म्हणून ती झटकून टाकणं अन्यायाचं होईल. मजुरी वाढते आणि धानाचा भाव वाढत नाही, तेव्हा त्याची कोंडी खरी असते. पण दोष कुठे आहे ते पाहावं. महिन्याला पंधराशे म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. एवढ्यावर घरी बसता येत नाही, फार तर अगदी पडेल त्या मजुरीला नाही म्हणण्याची ताकद येते. शेतकऱ्याला जी वाढीव मजुरी परवडत नाही ती धानाच्या भावामुळे परवडत नाही, आणि भावाचा प्रश्न आपण निर्यातबंदीपाशी पाहिला. एका गरिबाला दुसऱ्या गरिबासमोर उभं करणारी ही मांडणी आहे, आणि ती मंत्रालयापर्यंत पोचते. 2025 मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास या खात्यांचा काही निधी लाडक्या बहिणींसाठी वळवला गेला, तेव्हा खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. कर वाढवायचा प्रश्न पानावरच नसेल, तर एका योजनेचा पैसा दुसऱ्या योजनेतूनच निघणार.

तिजोरीची काळजी करणाऱ्यांचं म्हणणं मी हलकं लेखत नाही. 2025-26 च्या राज्य अर्थसंकल्पात महसुली तूट 45,891 कोटींची धरली होती, कर्ज 9 लाख 32 हजार कोटींच्या घरात आणि बहिणींसाठीची तरतूद 36,000 कोटी. रोजचा खर्च कर्ज काढून भागवणं टिकत नाही. याच जिल्ह्यातल्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन 1988 मध्ये झालं तेव्हा खर्च 372 कोटींचा होता. रखडत रखडत तो अठरा हजार कोटींवर गेला. बारमाही पाणी मिळालं असतं तर या भागाला बोनसची वाट कमी पाहावी लागली असती, असं म्हणणाऱ्याशी माझा वाद नाही. दांडेकर समितीने 1984 मध्ये विदर्भाच्या मागासलेपणाला 'अनुशेष' हा शब्द दिला, तेव्हा मागणीचं रूपांतर हक्काच्या थकबाकीत झालं होतं. पण तुटीची काळजी निवडक असू नये. महसूल वाढवण्याचा, बिनउपयोगी सवलती काढण्याचा, 1988 मध्ये अडकलेल्या मर्यादेचा विचार त्या काळजीत यायला हवा. फक्त पंधराशेंपाशी येऊन थांबणारी काळजी अर्ध्याच हिशेबाची आहे.

हा हिशेब आता लवकरच उघडावा लागणार आहे. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने रोजगार हमीचा जुना केंद्रीय कायदा बदलून नवा केला. त्यात शंभराऐवजी 125 दिवसांचं काम आहे, पेरणी-कापणीच्या हंगामात साठ दिवसांपर्यंत कामं थांबवण्याची तरतूद आहे, आणि महाराष्ट्रासारख्या राज्यांनी खर्चाचा 40 टक्के वाटा उचलायचा आहे. वीस वर्षं दिल्लीकडे असलेला मजुरीचा भार मोठ्या प्रमाणात मुंबईकडे परत येईल. त्या वाट्यासाठी पैसा कुठून आणायचा असा प्रश्न विधिमंडळात निघेल तेव्हा कोणत्या योजनेला कात्री लावायची याची यादी आधी तयार होईल. पण रोजगार हमीचं नाव सांगून 1975 मध्ये बसवलेला कर अजून दर महिन्याला कापला जातो आहे. त्याचे किती जमतात, कुठे जातात आणि मर्यादा किती असावी, हे त्याच दिवशी, त्याच सभागृहात विचारता येईल.